उणे उजनीच्या काठावर गळ आणि तंबू

खाडीवर गळ टाकणाऱ्याला तिथी सांगितली की पाणी कळतं. अष्टमीला भांग (पाणी कमी चढतं-उतरतं), पुनवेला आणि अवसेला उधाण. ठाण्याच्या चेंदणीपासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत सगळीकडे हाच हिशोब चालतो. तोच माणूस भीमेवरच्या उजनी धरणावर गेला की पहिल्या दिवशी चक्रावतो, कारण तिथल्या पाण्याला चंद्राशी काही देणंघेणं नाही. उजनीत पाणी चढतं ते दौंडहून किती येतंय त्यावर, उतरतं ते कालव्यांना आणि सोलापूरला किती सोडलंय त्यावर, आणि मासा कुठल्या काठाला लागेल ते वारा ठरवतो. रॉड, रील, आमिष या गोष्टी त्याच्या नंतर येतात. आम्ही ठाणे, ऐरोली, बेलापूरकडचे खाडीवाले तिथे मुक्कामाला जातो ते मार्च ते मे या काळात, त्यामुळे पुढचं सगळं उन्हाळ्यातल्या उजनीबद्दल आहे.

उन्हाळाच का, असं बरेच जण विचारतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी थेट उसाच्या बांधाला टेकतं. तंबूला कोरडा काठच उरत नाही आणि मासाही पसरलेला असतो. हिवाळ्यात रात्री सुखाच्या, पण गार पाण्यात कटला-रोहूचं खाणं मंदावतं. शिवाय कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी उतरलेले असतात, तिथे नायलॉनची लाइन टाकून बसणं बरं नव्हे. मार्चनंतर पाणी आटत जातं, मासा उरलेल्या पाण्यात गोळा होतो आणि काठ मैलोन्‌मैल उघडा पडतो. त्याच्या बदल्यात चाळिशीपार ऊन सोसायचं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, जो ठाण्यात जुलैच्या एका महिन्यात सहज पडून जातो. झाड नाही, सावली नाही, भेगाळलेली काळी जमीन आणि समोर समुद्रासारखं पाणी.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून धरणाचे आकडे बघायचे. ते समजून घ्यायला थोडं गणित लागतं, पण तंबू कुठे लावायचा ते याच गणितावर ठरतं. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला साधारण ६३.५ टीएमसी मृत, म्हणजे तळाचा साठा, उरलेला ५३.५ उपयुक्त. बातम्यांत येते ती टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के झालं तरी धरणात ६३ टीएमसी पाणी असतं, आणि ‘उजनी उणे ४० टक्के’ म्हणजे मृत साठ्यातलेही २१ टीएमसी उपसले गेले. मे महिन्यात उजनी उण्यात असणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्याने घाबरून बेत रद्द करायचं कारण नाही.

आता यातली खरी मेख. शंभर टक्क्यांची पातळी ४९६.८३ मीटर आणि शून्य टक्क्यांची ४९१.०३. मधलं अंतर सहा मीटरसुद्धा नाही. एवढ्याशा उंचीत ५३.५ टीएमसी मावतं, कारण धरण परातीसारखं पसरट आहे. १ टीएमसीला पातळी सरासरी ११ सेंटिमीटर बदलते. २४ तास ११,५७४ क्युसेकने (सेकंदाला तितके घनफूट) पाणी आलं की १ टीएमसी होतं. धरणाकाठच्या भिगवण ते पळसदेव पट्ट्यात काठाचा उतार बऱ्याच ठिकाणी शंभर फुटांना जेमतेम एक फूट. तर दौंडचा विसर्ग ११-१२ हजार क्युसेक असेल तर पाणी दिवसभरात ११ सेंटिमीटर चढेल आणि काठावर तुमच्या दिशेने ११ मीटर चालून येईल. विसर्ग ५० हजारांवर गेला तर ४५ मीटरच्या पुढे. धरण उण्यात असताना पाण्याचा पसारा आणखी कमी, म्हणून चढ आणखी वेगाने. यातलं काहीही भिगवणला एक थेंब न पडता होऊ शकतं, कारण पाऊस पडतो वर, मुळा-मुठा, पवना, भामा, घोड यांच्या खोऱ्यात. २०२५ च्या मे अखेरीस अवकाळी पावसाने उजनी उण्यातून अधिकात आली होती, त्यामुळे ‘पाऊस जूनमध्ये’ हा भरवसाही ठेवता येत नाही. दौंडचा आकडा सकाळ-संध्याकाळ बघतो. तो वाढताना दिसला की तंबू मागे.

उलटंही घडतं. सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडलं, कालव्याचं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) चालू झालं की पातळी रोज काही सेंटिमीटर उतरते. काल जिथे गळ टाकला तिथे आज चिखल असतो. उतरत्या पाण्यात चिलापी काठ सोडून आत सरकते. पाणी स्थिर झालं की एका दिवसात परत येते. आवर्तनाच्या पहिल्या दोन दिवसांत काठावरून फार अपेक्षा ठेवू नये, असं आमचं मत.

ठाण्याहून भिगवण साधारण अडीचशे किलोमीटर, नवी मुंबईहून पंचवीसएक कमी. पहाटे साडेतीनला निघून हडपसर-लोणी काळभोर-उरुळी कांचन हा पट्टा उजाडायच्या सुमाराला ओलांडला तर चौफुला, पाटस, कुरकुंभ करत आठ-साडेआठला पोहोचता येतं. उशीर केला तर हडपसरलाच तासभर जातो. हायवेवरून आत वळण्याआधी भिगवणमध्येच तीन गोष्टी घ्यायच्या: बर्फ, पिण्याच्या पाण्याचे जार आणि माहिती. शेवटची सगळ्यात महत्त्वाची आणि ती मासळी बाजारात मिळते. सकाळच्या लिलावाला कुठल्या गावाची चिलापी मोठी येतेय, कटला कोणत्या बाजूने येतोय हे अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं.

गळ टाकण्याआधी विचारायचं, हा नियम मोडू नये. बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचं. मासेमारी परवान्यावर चालते आणि ते भोई आणि इतर मच्छीमार घरांचं पोट आहे. ज्या गावच्या काठावर बसणार तिथल्या मच्छीमारांना भेटून सांगायचं: रॉडने धरणार, जाळं नाही, विकणार नाही. काही ठिकाणी नाही म्हणतात. तिथून निमूट पुढे जायचं. त्यांची जाळी कुठे टाकलीत तेही तेव्हाच विचारून घ्यायचं. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या रांगेत दिसल्या की खाली जाळं आहे. त्याच्यावरून लाइन टाकली तर जाळंही फाटतं आणि गावातली पतही. धरणाची भिंत आणि दरवाजे यांच्या आसपास तर थांबायचंच नाही.

दुसरी परवानगी शेतकऱ्याची. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत मका, कडवळ असं पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. नांगरलेली नसली तरी ती कुणीतरी धरलेली असते. विचारलं की बहुतेक जण जागा दाखवतातच, वर सल्लाही देतात: “पाहुणं, त्या खोलगटात नका राहू, तितं रातच्याला पाणी येतंय. वर मुरमावर ठोका तंबू.” हा सल्ला कुठल्याही ॲपपेक्षा खरा मानायचा. तात्या म्हणा, मामा म्हणा, पण ऐका.

जागा निवडताना पाण्यापासूनचं अंतर मोजून फसगत होते, उंची मोजायची. पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर उंच, मुरमाचा उंचवटा बघायचा. काळ्या गाळाची जमीन वरून भेगाळलेली, टणक दिसते. टाच जोरात आपटली आणि आजूबाजूची खपली हलली तर खाली चिखल आहे. लोखंडी खुंटी हाताने दाबून बघायची. चार बोटं कोरडं लागून पुढे लोण्यासारखी गेली तर तिथे तंबू नाही आणि गाडी तर अजिबात नाही. गाडी नेहमी मुरमाच्या रस्त्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला करून. वळवाची एक सर आली की ही काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसते, चाक जागेवर फिरतं आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. चारचाकी ड्राइव्ह असली तरी फरक एवढाच, की ती जरा जास्त आत जाऊन अडकते.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि पाणी जिथे टेकतंय तिथे खूण करायची. दोन तासांनी परत बघायचं. रात्री झोपण्याआधी आणि मध्ये जाग येईल तेव्हाही टॉर्च मारून बघायचं. लाटांमुळे खूण फसवते, म्हणून काठी एखाद्या चारीत (खोदलेल्या चरात) किंवा आडोशाला रोवलेली बरी.

काठावर सगळीकडे शेतीपंप असतात. पाणी जसं मागे जातं तशा मोटारी पुढे सरकवतात, त्यासाठी लांबच लांब चाऱ्या खोदतात, आणि केबली जमिनीवरून, काही ठिकाणी चिखलातून, जोड मारलेल्या अवस्थेत पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. शेतीची लाइट पाळीने येते. दुपारी मेलेली केबल रात्री बारानंतर जिवंत होते. केबल ओलांडायची तर कोरड्यात, जोड टाळून. तिच्यापासून दहा-पंधरा पावलांच्या आत गळ टाकायला उभं राहायचं नाही. वरून जाणाऱ्या तारांखाली रॉड उभा धरायचा नाही. कार्बन फायबरचा रॉड वीज वाहतो, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. धरणात गेलेल्या शेतांमधल्या जुन्या विहिरीही उण्यात उघड्या पडतात, कठडा नसलेल्या, अर्ध्या गाळाने भरलेल्या. म्हणून उजेडातच तंबूपासून गळाच्या जागेपर्यंत वाट ठरवून दगड किंवा रेडियमच्या पट्ट्या लावायच्या आणि रात्री ती वाट सोडायची नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या वीतभर ॲल्युमिनियमच्या खुंट्या इथे कुचकामी. भेगाळलेल्या मातीत त्या पहिल्या झोताला निघतात. फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या तिरक्या ठोकायच्या, आणि चार कोपऱ्यांना सिमेंटची रिकामी पोती. पोत्यात दहा-बारा किलो माती भरून, तोंडाला दोर बांधून, फूट-दीड फूट खड्ड्यात पुरायचं आणि वरून माती तुडवायची. हे पोतं ओढून निघत नाही, तंबूचा दोर आधी तुटतो. उन्हाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून तंबूची बुटकी बाजू पश्चिमेला, दार पूर्वेला. सावलीसाठी नर्सरीत मिळते ती हिरवी शेडनेट, ७५ टक्क्यांची, तंबूच्या फूटभर वर ताणायची; चिकटवून टाकली तर उष्णता अडकते. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेला ढग चढताना दिसले की नेट उतरवून ठेवायची, कारण वादळात ती शिडाचं काम करते आणि तंबूसकट नेते.

उजनीचं पाणी पिण्यासाठी वापरायचं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून इथेच येतं, आणि उन्हाळ्यात काठाला शेवाळाचा हिरवा थर जमतो. उकळल्याने जंतू मरतात, शेवाळातली विषारी द्रव्यं आणि रसायनं जात नाहीत. चौघांना दोन दिवसांसाठी २० लिटरचे तीन जार धरायचे. माणशी रोज सात-साडेसात लिटर होतात, त्यात स्वयंपाक आला. भांडी घासायला धरणाचं पाणी चालतं, पण शेवटचा हात जारच्या पाण्याचा. तांबडं तिखट आणि मीठ आणायला विसरलात तर गावात मिळेल. ओआरएसची पाकिटं मात्र घरूनच न्यायची आणि तहान लागायची वाट न बघता प्यायची.

आता मासे. चिलापी सगळ्यात जास्त, आणि काठावरून मिळण्याची खात्रीही तिचीच. मग रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प). जलपर्णीच्या कडेला मरळ, रात्री शिंगाडा, क्वचित वाम.

पहाटेची वेळ उत्तम, हा सगळ्या गळवाल्यांचा समज उन्हाळी उजनीवर लंगडा पडतो. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री पाण्यातल्या सगळ्या जिवांबरोबर तो वापरतंही. त्यामुळे हिरव्या, बंद खोलगटात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. ते बघून नवखा माणूस हरखतो, पण ते मासे खात नसतात, श्वास घेत असतात. अशा खोलगटात सात ते दहा ही वेळ खरी. पहाटेच टाकायचं असेल तर उघड्या टोकावर जायचं, जिथे रात्रभर लाटा फुटत होत्या.

वाऱ्याचा हिशोब असा. वारा वरचं कोमट पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य ढकलत समोरच्या काठाला नेतो. कटला वरच्या-मधल्या थरात तेच गाळून खातो, त्यामुळे दोन-तीन तास सलग वारा लागला की ज्या काठावर लाटा आदळतायत तिथे कटला येतो. तोंडावर वारा घेऊन टाकावं लागतं, अंतर कमी जातं, बसायला त्रास होतो; तरी तिथेच बसायचं. फक्त हिरव्या रंगासारखा दाट थर जमला असेल तर शंभर-दीडशे मीटर बाजूला सरकायचं. पाठीवर वारा घेऊन आरामात लांब टाकणाऱ्याला बहुतेक वेळा बारकी चिलापीच मिळते.

तळ समजून घ्यायला आधी गळाशिवाय नुसतं ४० ग्रॅमचं शिसं टाकतो. पाण्याला लागल्यापासून लाइन सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजायचे, म्हणजे खोलीचा अंदाज येतो. मग रॉड आडवा धरून शिसं हळू ओढायचं. मुरूम असेल तर हाताला टकटक लागतं. गाळ असेल तर आधी जड, मग एकदम सुटल्यासारखं. जुना बांध असेल तर शिसं अडतं आणि चढून पलीकडे पडतं. बांधाची पायथ्याची बाजू ही रोहू-मृगळची जागा. वेडी बाभूळ आणि जुनी खोडं यात लाइन अडकणारच, म्हणून शिसं मुख्य लाइनला थेट बांधायचं नाही. मुख्य लाइन ०.३५ मिलिमीटरची नायलॉन, आणि शिसं स्विव्हेलला (फिरत्या कडीला) ०.१८ च्या वीतभर तुकड्याने लटकवलेलं. अडकलं की तो बारीक तुकडा तुटतो, शिसं जातं, मासा आणि बाकी जोडणी वाचते. खाडीत चालते म्हणून वेणीची लाइन इथे आणू नये. मुरमावर आणि खोडावर घासली की ती सुतासारखी सुटते, आणि ताण न खाणारी असल्याने कटल्याच्या मऊ ओठातून गळ फाडून काढते.

मासा जागेवर जमवायला पाण्यात टाकायचा चारा घरूनच कोरडा मिसळून नेतो. शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा १ किलो, भाजलेल्या फुटाण्याचं पीठ अर्धा किलो, पावाचा कोरडा चुरा अर्धा किलो, भाताचा कोंडा पाव किलो, मेथीची भाजलेली पूड दोन चमचे. पेंड तबेल्यांच्या आसपासच्या पशुखाद्याच्या दुकानात मिळते; खवट वास येत असेल तर घ्यायची नाही, मासा शिवत नाही. काठावर १०० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून ते पाणी थोडं थोडं शिंपडत कालवायचं. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने दाबली की फुटली पाहिजे. पारदर्शक बाटली कापून त्यात पाणी घेऊन एक गोळा टाकून बघायचा: तीन ते पाच मिनिटांत सुटायला हवा. लगेच विरघळला तर पाणी कमी पडलंय किंवा दाबला कमी. दहा मिनिटं तसाच राहिला तर पाणी जास्त, कोरडा चुरा वाढवायचा. उन्हात हे मिश्रण तासाभरात वाळतं, म्हणून बादलीवर ओलं गोणपाट. सुरुवातीला संत्र्याएवढे आठ-दहा गोळे एकाच जागी, मग दर वीस मिनिटांनी एक. पहिल्याच तासात अर्धी बादली ओतली की मासा येतो, पोट भरतो आणि तुमच्या गळाकडे ढुंकूनही बघत नाही.

गळाला मका. २४ तास भिजवून, अर्धा-पाऊण तास उकडून, त्याच पाण्यात एक दिवस झाकून ठेवलेला. किंचित आंबूस वास यायला हवा. ६ नंबरच्या गळाला दोन दाणे, गळाचं टोक उघडं. कटल्यासाठी मात्र फ्लोट लावून दीड-दोन मीटर खोलीवर, आणि आमिष चाऱ्याचाच मऊ गोळा. कटल्याचा हिसका दांडगा असतो. रॉड नुसता दगडाला टेकवून चहा प्यायला गेलात तर तो रॉड पुन्हा दिसत नाही. दोन फुटी लोखंडी सळईचा स्टँड ठोकून रॉड त्यात, आणि रीलचा ड्रॅग (लाइन सुटू देणारा ब्रेक) सैल.

चिलापीला यातलं काही नको. सात फुटी हलका रॉड, ०.२२ ची लाइन, १० नंबरचा गळ, पिसाचा बारीक फ्लोट, गळापासून अर्ध्या फुटावर ज्वारीएवढं शिसं. आमिष गांडुळाचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा. शेपूट लोंबत ठेवलं की चिलापी तेवढंच कुरतडून नेते. खोली कंबरभर. इथे फ्लोट क्वचितच बुडतो. तो आधी थरथरतो, मग आडवा सरकायला लागतो, आणि त्या सरकण्यावरच मनगट फिरवायचं. बुडायची वाट बघणाऱ्याचं नुसतं गांडूळ जातं. उथळ, निवळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती त्यांची घरटी. तिथला नर कशावरही तुटून पडतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरते. तोंडातून पिल्लं गळताना दिसली तर सोडून द्यायची. चिलापी इथे इतकी आहे, की हे आम्ही कणवेपोटी करतो, संख्येच्या काळजीने नाही. मरळीचं वेगळं. लालसर पिल्लांचा पुंजका पृष्ठभागाशी दिसला की खाली राखण करणारी मरळ असतेच, आणि नेमकी तीच मारली तर पुंजका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. तिथे बेडकाचं रबरी आमिष फिरवायचं नाही.

मासा काठाला आणताना पाण्यात उतरायचं नाही. शेवटच्या दहा फुटांत गुडघाभर गाळ असतो आणि हातात मासा असताना तोल जातो. लांब दांड्याचं जाळं आणि पाय ठेवायला दोन फुटी फळी बरोबर असावी. पाय रुतलाच तर ओढाताण न करता मागे बसायचं, वजन पसरायचं आणि पाय फिरवत काढायचा. शिंगाड्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे पक्कडने धरायचे किंवा कापायचे. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. चिलखतासारख्या अंगाचा सकर मासा किंवा बंदी असलेला परदेशी मांगूर लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही. दोन्ही देशी माशांच्या मुळावर आलेले आहेत.

दुपारी चार ते सात हा धोक्याचा काळ. वळवाचा वारा पाच-दहा मिनिटांत उठतो, आणि मैलोन्‌मैल उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटून ६ जणांचा जीव गेला. फुगवायच्या होड्या, ट्यूब, कयाक घेऊन येणाऱ्यांना आम्ही बरोबर घेत नाही. काठावरून मासा मिळतो, आत जायची गरजच नाही. या वेळात गळ गुंडाळायचे, स्टोव्ह विझवायचा, कडकडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून गाडीत बसायचं. चूल पेटवायचीच असेल तर उसाच्या पाचटापासून लांब, खड्ड्यात, आणि वारा पडल्यावर.

रात्री दिवा लावला की चिलटांचे ढग येतात. डाळीत, कानात, नाकात. पांढरा दिवा पंधरा-वीस पावलांवर काठीला टांगून ठेवायचा आणि आपण अंधारात जेवायचं, कपाळावर लाल दिवा. बूट उलटे करून आपटल्याशिवाय घालायचे नाहीत, विंचू असतात. घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. चावलंच तर बांधणं, चिरणं काही न करता १०८ ला फोन आणि इंदापूरच्या दवाखान्याची वाट.

निघताना तुटलेल्या लाइनचा तुकडान्‌ तुकडा बाटलीत भरून परत आणायचा, पाणपक्ष्यांच्या पायात तीच अडकते. मासे पकडल्याबरोबर पोट साफ करून बर्फात घालायचे, माशाला तेवढाच बर्फ, एक थर हा एक थर तो. साधारण १० किलो माशांना १० किलो बर्फ आणि ४० लिटरची पेटी. उन्हाळ्यात चिलापीला गाळाचा वास असतो आणि तो जास्त करून कातडीत आणि पोटाच्या काळ्या पडद्यात. पडदा खरवडून, कातडी सोलून, मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवला की बराचसा जातो. गळाला न लागलेला मासा भिगवणच्या बाजारात लागतो, ही सोय आहेच, आणि ती वापरणाऱ्यांची संख्या दिसते त्याहून मोठी आहे. परतीला पेटीची तोटी बंद ठेवायची. बर्फाचं पाणी गार असतं तोवर त्याचा उपयोग आहे, फक्त मासे पिशवीत घट्ट बांधलेले हवेत, नाहीतर त्या पाण्यात ते फुगतात आणि मऊ पडतात. पाणी घरी पोहोचल्यावरच काढायचं. एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर तोटी उघडली तर आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं तुमचा नंबर लिहून घेतील.